दगाभाऊंची कुजबुज

आखाजीच्या सणाला माहेरी आलेल्या लेकीला, चंचलला न्यायला जावई गोपाळराव भुसावळहून सुरतेला आले, तेव्हा दगाभाऊंनी त्यांना सिनेमा दाखवायचं ठरवलं. गोपाळराव मोजकंच बोलणारे. पण एका गुप्तहेराच्या मारधाडीच्या सिनेमाचा पहिला भाग त्यांना तोंडपाठ होता आणि दुसरा नुकताच लागला होता. पाहुण्याला वाढण्याआधी आमटी चाखावी, तसा दगाभाऊंनी तो आदल्या दिवशी एकट्यानं बघून घेतला. जावयाच्या पसंतीला काही कमी पडायला नको होतं.

थेटरात जावई आणि मालतीबाई यांच्यामध्ये दगाभाऊ बसले. पडद्यावर लाल साडीतली बाई गुप्तहेराला चहा देत होती. दगाभाऊ बायकोच्या कानाशी वाकून कुजबुजले, "पिऊ नको म्हना त्याला. ती फितूर शे!"

दगाभाऊंचं आयुष्य भेस्तानच्या कापड कारखान्यात, लूमच्या खडखडाटात गेलं होतं. तिथली कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. सगळं थेटर हळहळलं.

"काका, चूप रहो ने!" पुढून आवाज आला.

दगाभाऊंनी मागे वळून पाहिलं. "कोनी तरी लई गडबड करी ऱ्हायना," ते पुन्हा कुजबुजले. "आन तो टकल्या साहेब? त्योच मुख्य चोर!"

आता शिट्ट्या वाजल्या. मध्यंतराचे दिवे लागले, तर शेकडो माणसं एकाच खुर्चीकडे बघत होती. मालतीबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. "अहो, ते तुम्हालेच म्हनतात!"

"माले?" दगाभाऊंचा चेहरा उतरला. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"जावई गेले," मालतीबाई म्हणाल्या. "आता चंचलच्या सासरी काय तोंड दाखवायचं?"

दगाभाऊंनी खांद्यावरच्या उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. जमीन फाटली असती तर त्यांनी मालतीबाईंनाही सोबत नेलं असतं.

दिवे मंद होऊ लागले तेव्हा गोपाळराव आले. पण बसले नाहीत.

"मामा, रागावू नका. बाईचं कळलं, चोराचंही कळलं, त्याचं काही नाही. दुसऱ्या भागात विमानं कितीही उडू द्या, पण पहिल्या भागातली आपली माणसं जगली पाहिजेत. गुप्तहेराच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला आता गोळी लागली. तो जाणार असेल तर मी बाहेरच थांबतो. मला नाही बघवणार. तेवढं सांगा."

दगाभाऊंनी बोळा घट्ट धरला. यापुढे या थेटरात एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणून.

गोपाळरावांनी सुटकेचा सुस्कारा सोडला आणि ते खुर्चीत टेकले.

तोच मागच्या रांगेतला एक जण उभा राहून बाल्कनीकडे ओरडला, "काकाए ना कही! ड्रायव्हर नथी मरतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालतीबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि उरलेला सिनेमा त्यांनी त्याच्या आतूनच पाहिला.