शब्दांना गाव विचारणारे देवरे सर

नवा माणूस भेटला की आपण त्याला मूळ गाव विचारतो. आमचे देवरे सर इंग्रजी शब्दांना विचारतात.

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा आहे. निवृत्त झाल्यापासून सर रोज सकाळी त्यावर एक शब्द लिहितात, त्याखाली त्याचं कूळ आणि मूळ. मग बाजूला उभे राहतात. दूध आणायला निघालेला माणूस सहसा त्यांच्या तावडीतून सुटत नाही. सर बागलाणातले, त्यामुळे शब्दांची चौकशी अहिराणीतच. "तुनं गाव कोनतं शे?" असं ते खरोखर फळ्याकडे बघून विचारतात.

परवा मात्र त्यांनी कहर केला. मी सोसायटीचा सेक्रेटरी. 'उद्या दहानंतर पाणी येणार नाही, सकाळीच भरून ठेवा' असं मी आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहिलं होतं. सरांनी उजाडताच ते स्वच्छ पुसलं आणि लिहिलं, 'डेसोलेट'. अर्थ: ओसाड, उजाड. मूळ गाव: लॅटिन. दहा वाजता बारा बिऱ्हाडांचे नळ कोरडे. आमचे अध्यक्ष डोक्याला मेंदी थापून बसलेले, ते संध्याकाळपर्यंत तसेच बसले. काल कमिटीने ठरवलं, सरांचा फळा बंद. खडूंचा डबा आणायला मला त्यांच्या घरी पाठवलं.

सरांनी डबा मुकाट्याने पुढे केला. सूचना दिसली नव्हती का, असं मी जरा चिडूनच विचारलं.

"दिसली होती. चुकलंच माझं," सर म्हणाले. "हिला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी. दुसरा शब्द सुचेना. मूळ अर्थ आहे, एकटं करून टाकलेलं. जिथे आधीपासून कोणीच नव्हतं, तिथे तो लागत नाही. माणूस राहून गेलेलं असावं लागतं."

मग म्हणाले, "फळ्यापाशी सकाळी तिघं-चौघं थांबतात. दिवसभरात माझं बोलणं तेवढंच होतं."

माझा राग कुठच्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. डबा परत त्यांच्या हातात दिला, म्हणालो, सूचना मी यापुढे कागदावर लिहून लिफ्टपाशी चिकटवीन, कमिटीचं मी बघतो. मग खुर्ची ओढून बसलो आणि उद्याचा शब्द विचारला. सर खुलले, बोलत राहिले.

त्यांना टाळायला वर्षभर मी मागच्या गेटने ये-जा करत होतो, हे सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही.