विहिरीत उर्दू, मोटारीत मराठी

गोवर्धनच्या मोटारीचा हँडब्रेक ओढला की लिव्हर पार वर यायची आणि मोटार मात्र आपल्या मनाने उताराकडे निघायची. अमरावतीच्या कॅम्पातलं त्याचं घर चढावर होतं, त्यामुळे मोटार अंगणात उभी केली की आधी घरातल्या कुणीतरी मागच्या चाकापुढे दगड लावायचा, मग त्याने खाली उतरायचं, असा शिरस्ता पडला होता. मोटार विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून स्वस्तात घेतली होती. साहेबाच्या बंगल्याचं अंगण सपाट होतं, हे गोवर्धनला नंतर कळलं.

जयवंताला या ब्रेकचं दुःख वेगळंच होतं. मोटार घेताना नवऱ्याने तिला चालवायला शिकवायचं कबूल केलं होतं. संत्र्यांच्या व्यापारापायी तो सारखा आगगाडीने बाहेरगावी, मोटार अंगणात झाकलेली, आणि मोर्शीला तिची आई एकटी. शिकवा म्हटलं की तो म्हणे, ब्रेक लागत नाही तोवर शिकवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. ब्रेक नीट करा म्हटलं की म्हणे, दगड आहे ना. शेवटी एका रविवारी जेवणानंतर तिने त्याच्या हातावर सुपारीऐवजी पाना ठेवला.

काम तसं सोपं होतं. लिव्हरपासून मागच्या चाकांकडे जाणारी तार सैल पडली होती. मोटारीखाली शिरून तारेच्या टोकाचा नट आवळायचा, वर बसलेल्याने लिव्हर ओढून पाहायची, अजून सैल असली तर सोडून पुन्हा आवळायचं. गोवर्धन जुनं धोतर नेसून खाली शिरला. जयवंता चालकाच्या जागेवर बसली. ती जागा तिला पहिल्यांदाच मिळत होती.

खालून "ओढ" आलं की ती ओढायची, "सोड" आलं की सोडायची. तिसऱ्या "सोड"ला शेजारच्या भिंतीपलीकडे धप्पकन काहीतरी पडलं आणि जमिनीच्या पोटातून शिव्या ऐकू आल्या.

शेजारी गयासुद्दीन यांच्या विहिरीतला गाळ काढणं चाललं होतं. हिवरखेडचा सूर्यभान तळाशी, दोन माणसं वर दोरावर. तळातून तोही "ओढ" आणि "सोड"च म्हणत होता. गोवर्धनचं "सोड" ऐकून वरच्यांनी गाळाची भरली बादली अर्ध्यातूनच सोडली होती. ती सूर्यभानच्या डोक्यावर पडली नाही, शेजारी पडली. गाळ तेवढा त्याच्यावर उडाला.

गयासुद्दीन भिंतीशी आले. बोलणं अदबीचं.

"गोवर्धनभाऊ, तुमचं सोड आमच्या विहिरीत पडून राहिलं जी."

मग दोन्हीकडून विचार होऊन तोडगा निघाला. विहिरीवाल्यांनी खींच आणि छोड म्हणायचं, मोटारवाल्यांनी ओढ आणि सोड. विहिरीत उर्दू, मोटारीत मराठी. सगळ्यांना पटलं. सूर्यभानलाही वरून ओरडून तसं कळवण्यात आलं.

थोड्या वेळाने तार ताठ झाली. गोवर्धनला हुरूप आला. आता दगडाशिवाय ब्रेक धरतो का ते पाहू, असं त्याला वाटलं, आणि त्यासाठी बाहेर कशाला यायचं, असंही वाटलं.

"ओढून धर," तो म्हणाला. "मी म्हनेस्तोवर सोडू नको."

तिने धरली. त्याने पडल्यापडल्या चाकापुढचा दगड वीतभर लांब सरकवला. मोटार जागची हलली नाही. तो खाली स्वतःशीच हसला, तेही तिला ऐकू आलं.

तेवढ्यात बादलीची कडी सूर्यभानच्या पायात अडकली. चिडलेला माणूस आपल्याच भाषेत बोलतो. विहिरीतून खणखणीत आवाज आला, "सोड!"

जयवंताने सोडली.

मोटार वीतभर पुढे गेली आणि दगडाला टेकून थांबली. तेवढ्या जागेत गोवर्धनच्या धोतराचा अर्धा पन्हा पसरला होता. तो आता चाकाखाली होता.

"लागलं का तुमाले?" तिने बाहेर वाकून विचारलं.

"मले नाई. धोतराले."

तिने खाली उतरून मोटार पुढून ढकलून पाहिली. चढाच्या दिशेला ती काय हलते! शेजारच्यांना बोलावते म्हणाली, तर तो कळवळून नाही म्हणाला. ब्रेक घरच्या घरी केला म्हणून उद्या बाजारात सांगायचं होतं. धोतर सोडून निघावं, तर भिंतीवरून दोरावरच्या माणसांना अंगण स्वच्छ दिसत होतं. गयासुद्दीननी पलीकडून सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. आराम करून राहिलो, असं मोटारीने उत्तर दिलं.

"मंग मोटार मांगं घ्या लागन," जयवंता म्हणाली.

खालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तुले येते का?"

"तुमी शिकवलं कधी?"

मग शिकवणं भाग पडलं. अडचण अशी की चालवताना आपले हातपाय काय करतात हे गोवर्धनने कधी पाहिलंच नव्हतं. डोळे मिटून, हवेत पाय हलवून तो एकेक गोष्ट आठवू लागला. डावा पाय पूर्ण दाब. गिअरचा दांडा तुझ्याकडे आणि मागे. कुठवर मागे, असं तिने विचारलं तर त्याने हाताने दाखवलं, आणि ते कोणालाच दिसलं नाही. तरी तो चिडला नाही. आपल्या अंगावरची मोटार जिच्या पायात आहे, तिच्यावर चिडता येत नाही.

इंजिन सुरू झालं, एक हिसका बसला आणि बंद पडलं.

"हळू बाप्पा. घाई करू नको. मले कुठं जाचं नाई."

दुसऱ्या खेपेला ती डावा पाय हळूहळू उचलत पायाखालची थरथर अजमावत राहिली. विहिरीतून पुन्हा "सोड" आलं. तिने सोडलं नाही. थरथर बदलली तेव्हा डावा पाय आणखी केसभर उचलला. मोटार कण्हत हातभर मागे चढली. तिने डावा पाय पुन्हा दाबला आणि लिव्हर ओढली. मोटार उभी राहिली.

गोवर्धन कडेने बाहेर आला. नाकावर ग्रीस, धोतरावर चाकाची नक्षी.

"ब्रेक लागला," ती म्हणाली.

"लागला. बंद कर आता. उद्यापासून शिकवतो तुले."

जयवंताने इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात चक्रावर होते.

"मांगं जायाचं झालं शिकून. आता पुढं कसं जायाचं ते सांगा. बाजूले बसून सांगता, का परत खाली जाता?"

गोवर्धनने क्षणभर चाकांमधल्या जागेकडे पाहिलं. मग दगड उचलून कुंपणाशी ठेवला आणि धोतर सावरत पलीकडून येऊन बसला.