हौसाक्कांचं एक्सचेंज

आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, राहणाऱ्या हौसाक्का कॉम्प्युटरमधली कुठलीही जोडणी आधी भिंतीवर करतात. त्यांच्या टेबलामागे पाटाएवढी एक लाकडी फळी टांगलेली आहे. तिच्यावर खिळे ठोकलेत, प्रत्येक खिळ्याखाली चिठ्ठीवर एका गावाचं नाव आहे आणि खिळ्याखिळ्यांतून लोकरीचे रंगीत दोरे गेलेत. लाल दोरा लोणंदहून कराडला, हिरवा सांगलीहून कराडला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, अक्कांनी एसटीचं वेळापत्रक विणायला घेतलंय.

"एसटी न्हवं," अक्का म्हणाल्या, "गाण्याचं सॉफ्टवेअर हाय."

अक्कांचं वय सत्तरीच्या पुढं. माहेर लोणंदकडचं, यजमान मिलिटरीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सगळी नोकरी सांगलीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी एक्सचेंजला नंबर सांगायचा, मग तिथली ऑपरेटर बाई समोरच्या बोर्डावर एका भोकात वायर खुपसून तुम्हाला त्या गावाशी जोडून द्यायची. भोकांवर गावांची नावं असायची आणि बाया एकमेकींना गावाच्याच नावानं हाक मारायच्या. ती सवय अक्कांची गेलेली नाही. मी त्यांच्यासाठी 'दुसरा मजला' आहे. वॉचमन 'गेट' आहे. माझ्या बायकोला त्या 'दुसरा मजला, स्वयंपाकघर' म्हणतात, आणि यावरून आमच्या घरात थोडं वातावरण तापलेलं आहे.

बोलता बोलता दूध उतू जाण्याचा वास आला तर त्या "लाइनवर राहा" म्हणून आत जातात. आपण राहतो. काय करणार?

पण त्यांचा खरा नेम वेगळाच. जोडून द्यायचं आणि कानाचं, म्हणजे हेडफोन, काढायचं. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं. मागं एकदा पाण्याच्या टाकीवरून पहिल्या आणि चौथ्या मजल्यावरच्या बायकांचं बोलणं तुटलं होतं. अक्कांनी पहिल्या मजल्याला हाताला धरून चौथ्या मजल्यावर नेलं, बेल दाबली, दार उघडल्यावर "बोला, जोडलंय" म्हणाल्या आणि जिना उतरून आल्या. आत काय बोलणं झालं ते आजतागायत त्यांनी विचारलेलं नाही. मी असतो तर दारामागं उभा राहिलो असतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि चौकशी हा माझा धंदाही आहे आणि दोषही.

त्यामुळेच, 'आता या वयात गाण्याचं सॉफ्टवेअर कशाला?' हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मदतीला म्हणून मी वर जाऊ लागलो. मदत म्हणजे काय, अक्का माऊस हलवायच्या आणि मी चहा प्यायचो. त्यांच्या लॅपटॉपवर तीन प्रोग्रॅम होते. एक गाणं ध्वनिमुद्रित करायचा, एक नुसता तंबोरा वाजवणारा आणि एक व्हिडिओ कॉलचा. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाचा आवाज दुसऱ्याला द्यायचा तर मधे आणखी एक छोटा प्रोग्रॅम लागतो, म्हणजे न दिसणारी वायरच. ती न दिसणारी वायर अक्कांना सहन होईना, म्हणून ती फळी. लोणंद म्हणजे तंबोरा. सांगली म्हणजे अक्कांचा माइक. दोन्ही येऊन मिळतात ते कराड, म्हणजे ध्वनिमुद्रणाचं मुख्य सॉफ्टवेअर. आणि कॉलच्या प्रोग्रॅमला शिराळा. त्याचे खिळे मात्र दोन. 'शिराळा जाणारी' आणि 'शिराळा येणारी', म्हणजे इथून जाणारा आवाज आणि तिकडून येणारा.

"अक्का, सरळ तंबोरा, माइक अशी नावं द्या की."

"तशी नावं समदेच देत्यात," त्या म्हणाल्या. "गाव कसं, चुकत न्हाई."

महिने गेले. लोणंद कराडला लागलं, सांगली लागली, पण गाणं म्हणून एक ओळ काही बाहेर पडेना. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आदी लाइन, मग बोलणं." एकदा तर आठवडाभर त्या कॉलच्या प्रोग्रॅमवर खवळून होत्या. तो प्रोग्रॅम माणसाचा आवाज तेवढा पुढं पाठवायचा आणि तंबोरा गाळून टाकायचा.

"आवं, त्या येड्याला तंबोरा म्हंजी पंखा वाटतुया!" त्यांनी कपाळावर हात मारला. "सारखा एकच आवाज, म्हणून गाळतुय."

ते खरं होतं. मागचा गोंगाट आपोआप काढून टाकायची सोय त्यात असते. ती बंद करायचं बटण मी दोन दिवस शोधलं. अक्कांना ते आधीच सापडलं होतं. त्या फक्त मी शोधतोय ते बघत होत्या.

मग कमलचा प्रसंग घडला. कमल त्यांच्याकडे झाडलोट करते. दोरे धुळीनं मळलेले दिसले म्हणून तिनं ते सगळे काढले, साबणानं धुतले, वाळवले आणि आपल्या मतीप्रमाणे पुन्हा लावले. 'शिराळा' नावाचे दोन खिळे दिसताच तिनं ते एकमेकांना बांधले. एका गावाचे दोन खिळे वेगळे का ठेवायचे? अक्कांचा फळीवर डोळे मिटून विश्वास. त्या दुपारी त्यांनी फळीवर बघून कॉम्प्युटरमध्ये तशीच जोडणी केली आणि चाचणीसाठी खाली मला कॉल लावला. मी लाउडस्पीकरवर "हॅलो" म्हणालो. माझाच हॅलो मला परत आला, त्याच्या मागून दुसरा, तिसरा, मग त्यातून एक शिट्टी निघाली आणि वाढतच गेली. चौथ्या मजल्यावरची बाई सिलिंडर गळतोय म्हणून जिन्यात आली. बायकोनं येऊन माझा फोन उशीखाली दाबला.

वर गेलो तर अक्का फळीपुढं उभ्या होत्या आणि कमल रडकुंडीला आली होती.

"मी चांगलंच केलं अक्का. शिराळा शिराळ्याला जोडलं."

"व्हय गं बाई," अक्का खुर्चीत बसल्या. "पण शिराळा शिराळ्याशीच बोलाय लागलं, तर सांगलीनं काय करायचं?"

कमलला वाटलं, चेष्टा करतायत. मला मात्र त्यांचा आवाज वेगळा वाटला. कमल गेल्यावर मी सरळ विचारलं, "अक्का, शिराळ्याला कोण आहे?"

"शेवंता हाय," त्या म्हणाल्या.

शेवंता शिराळ्याच्या एक्सचेंजला होती. दुपारी तीन ते चार लाइनी झोपलेल्या असायच्या, साहेब चहाला गेलेले असायचे. तेव्हा सांगली आणि शिराळा गायच्या. जात्यावरच्या चालीत, शब्द मनाचे. ट्रंकच्या तारेला एकसारखी घुंई असायची, तोच त्यांचा तंबोरा. तिच्यावरून सूर घ्यायचा आणि दोघींनी एकदम उचलायचं. अक्कांनी एक ओवी म्हणूनही दाखवली:

तार गेली, तार गेली, शिराळ्याच्या माळाला,
साहेब गेला चहाला, बाई, गळा जोड गळ्याला.

"मग भेटत नव्हता का तुम्ही? शिराळा काय लांब आहे?"

"भेटलो की! नागपंचमीला दर साली जायची मी. पण समोर बसलं की दोघींनाबी लाज वाटायची. तोंड बघितलं की सूरच लागंना. शेंगदाण्याचं लाडू खाऊन माघारी यायची." त्या हसल्या. "आता पडलीया ती. खुबा मोडलाय, डोळ्यांनीबी दिसत न्हाई. सून म्हणती, दिवसभर बोलत न्हाई, दुपारी तेवढं विचारती, सांगली लागली का?"

अक्कांनी साध्या मोबाइलवर गाऊन पाहिलं होतं. पण आताचा आवाज वाटेत कुठंकुठं थांबत जातो, अर्धा सेकंद तरी उशिरा पोचतो. शेवंता म्हणाली होती, "हौसे, तू मागनं का येतीस? आदी बरूबर यायचीस." त्यानंतर तिनं गाणं सोडलं. वर्षभराची ती सगळी खटपट त्या अर्ध्या सेकंदासाठी चालली होती. अक्कांना वाटत होतं, जोडणी चोख झाली की फट बुजेल.

आता भौतिकशास्त्र सांगणं माझ्यावर आलं. माझ्या आयुष्यात तो विषय मला इतका नकोसा कधी झाला नव्हता. मी कागदावर काढून दाखवलं. सांगलीचा आवाज शिराळ्याला उशिरा पोचणार. शेवंतानं त्याच्याबरोबर गायलं तर तिला तो जुळलेलाच ऐकू येईल. पण तिचा आवाज परत सांगलीला येईपर्यंत अक्का पुढं गेलेल्या असणार. त्यांना ती मागनं येतेय असंच वाटणार, आणि तिला सांभाळायला त्या थांबल्या की शिराळ्यालाही बिघडणार. कितीही चांगली जोडणी करा, दोघींना एकदम जुळलेलं ऐकू येणार नाही.

अक्कांनी कागदावरच्या शिराळ्यावर बोट ठेवलं.

"पण एकीला येतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"एकीला येईल."

"मग झालं की."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्यांनी मलाही बोलावलं. फळीवरचे दोरे स्वतःच्या हातानं एकेक तपासले. कानाला हेडफोन लावला, कॉल जोडला. पलीकडं सुनेनं फोन सासूच्या उशाशी ठेवला.

"शिराळा? सांगली बोलतीया. लाइनवर राहा."

पलीकडून काही आलं असावं, कारण अक्कांचा चेहरा बदलला. त्यांनी तंबोरा सुरू केला. हा तंबोरा या वेळी पंख्याच्या नावाखाली गाळला गेला नाही. त्यांनी पहिली ओळ घेतली, आणि दुसऱ्या ओळीला अडखळल्या. शेवंता गायला लागली होती आणि तिचा आवाज मागून येत होता. अक्कांचा हात हेडफोनवर गेला. क्षणभर तो तिथंच राहिला. मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि गाणं पुढं नेलं.

जिच्यासाठी वर्षभर खिळे ठोकले, तिचा आवाज कानाशी आला आणि बाईनं कानाचं काढून ठेवलं. टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक, चिरका आवाज येत होता आणि अक्का त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, एका चालीत गात होत्या. कुठं थांबायचं, कुठं तिला जागा द्यायची, हे सगळं जुन्या हिशेबानं. चार ओव्या झाल्यावर त्यांनी हेडफोन पुन्हा लावला. ऐकलं. "हां, हां" म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "म्हणती, आज बरूबर आलीस."

एवढं बोलून त्या दूध बघायला आत गेल्या. मला लाइनवर राहा म्हणायचं विसरल्या.

आता हे रोज चालतं. दुपारी तीनला छतातून मला एक आवाज ऐकू येतो, फक्त अक्कांचा. मधे मधे तो थांबतो, कुणाला तरी जागा देतो आणि पुन्हा सुरू होतो. ते सॉफ्टवेअर तेव्हा दोघींचे आवाज वेगवेगळे नोंदवत असतं. चारनंतर अक्का पडद्यावरची शिराळ्याच्या आवाजाची पट्टी माऊसनं धरून थोडी अलीकडं सरकवतात, सांगलीला जुळेपर्यंत, आणि मग एकट्याच बसून ते वाजवतात. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं, हा नेम त्यांनी तेवढ्यापुरता मोडला आहे.

त्या वेळी वरून दोन आवाज येतात. सांगलीत उकाडा कसा असतो ते सांगायला नको, पण तेवढा वेळ मी आमचा पंखा बंद ठेवतो.