वस्तादांचा नारळ

सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी बाळासोने फियाटची चावी फिरवली. 'टक्' असा आवाज झाला. इंजिन सुरू झाले नाही.

१९९८ च्या फेब्रुवारीतला गुरुवार होता. उद्यमनगरातल्या चढाच्या माथ्यावर बाळासोचे गॅरेज निघून दोन महिने झाले होते आणि पार खोलून, नव्या रिंगा-पिस्टन घालून त्याने स्वतःच्या हाताने बांधलेले हे पहिले इंजिन. गाडी हातकणंगल्याच्या आप्पासोंची. ते सात वाजल्यापासून इस्त्रीची टोपी घालून बाकावर बसले होते. बाळासोने टाकीत मोजून एक लिटर पेट्रोल घातले होते. चालू करून दाखवायला तेवढे पुरे होते.

पण बाळासोला घाम फुटला तो आप्पासोंमुळे नव्हे. चढाच्या तळाशी आकाराम वस्तादांचे गॅरेज होते. तिथे त्याने अकरा वर्षे काढली होती. तो बाहेर पडला त्या दिवशी वस्ताद चहावाल्या ज्ञानूच्या देखत म्हणाले होते, "तुझं पैलं इंजिन तुझ्या अकलंनं चालू झालं, तर मी ह्यो चढ चढून यीन आन तुझ्या दारात नारळ फोडीन. न्हाय झालं, तर तू उतरून यायचंस. वरीसभर माझं पानं-पकडी रॉकेलात धुवायचं."

"चालतंय की," बाळासो म्हणाला होता.

वस्तादांनी त्याच संध्याकाळी नारळ आणून टेबलावर ठेवला. रोज सकाळी ते तो कानापाशी हलवून बघत आणि परत ठेवत.

"चावी नीट फिरीव की," आप्पासो म्हणाले.

टक्.

"बॅटरी उतरली आसंल," ज्ञानू म्हणाला. त्याची किटली दिवसभर चढावर वरखाली फिरे आणि बातम्याही तेवढ्याच फिरत. "वस्ताद इचारत हुतं, आवाज का आला न्हाय म्हणून."

"सांग, पूजा चाललीय."

चढावरच्या लेथवाल्याच्या टेंपोची बॅटरी आणून लावली. टक्. मग बाळासोने स्टार्टर उतरवला आणि वाइंडिंगच्या दुकानात नेला. तिथे दोन तारा लावताच तो असा गरगरला की टेबलावरून खाली उडी मारायच्या बेतात होता. परत आणून बसवला. टक्. इंजिन जाम आहे म्हणावे, तर पंखा जोर लावून हाताने फिरवला की फिरत होते.

"बॅटरी बरी, स्टार्टर बरा, इंजिन मोकळं," आप्पासोंनी बोटे मोजली. "समदी बरी, आन गाडी तेवढी बंद. माझ्या भावकीवानी झालं की हे."

एवढ्यात अकरा वाजले आणि बॉनेटभोवती नऊ माणसे जमली. उद्यमनगरात बॉनेट उघडे दिसले की माणूस कामाला निघाला होता हे विसरतो. प्रत्येकाने आत डोकावून आधी एकच वाक्य म्हटले, "काय चकचकीत केलंय लगा!" कारण बाळासोने पहिलेच काम म्हणून इंजिन रंगवले होते. चंदेरी, दोन हात, कानाकोपऱ्यातून, नटबोल्ट बसवायच्या आधी. वस्तादांनी जन्मात इंजिनाला रंग लावला नव्हता. "इंजिन पळवायचं आसतंय," ते म्हणत, "बोहल्यावर चढवायचं नसतंय."

जेवणानंतर आप्पासो स्वतः आत बसले. त्यांनी चोकची मूठ ओढून धरली आणि दहा-बारा वेळा चावी फिरवली. तेराव्या वेळी ते ओरडले, "आई गं! भाजलं की!"

चोकची मूठ तव्यासारखी तापली होती.

"तापाय लागलंय," ज्ञानू म्हणाला. "म्हंजे हुणार आता चालू."

नऊही जणांना हे पटले. शेवटचा उपाय धक्क्याचा होता. चढाच्या माथ्यावरून गाडी एकाच दिशेला ढकलता येते, ही गोष्ट बाळासोच्या लक्षात आली तेव्हा गाडी हलली होती.

पहिल्या धक्क्याला त्याने क्लच सोडला. नव्या रिंगांचे इंजिन घट्ट. मागची चाके फरफटली आणि गाडी बायडाबाईच्या भाजीच्या गाड्यापाशी थांबली.

"कुठं निघाली रं ही?" बायडाबाईने विचारले. "रुसून म्हायेराला?"

"मावशे, गप बस की!"

दुसऱ्या धक्क्याला गाडी लेथच्या दुकानापुढे आली.

"आनखी खाली नगं!" बाळासो ओरडला.

"मग वर ढकलू व्हय?" मागून आवाज आला. "तुझ्या बानं खुराक लावलाय आमास्नी?"

तिसऱ्या धक्क्याला, तीन वाजून चाळीस मिनिटांनी, फियाट आकाराम वस्तादांच्या दारापासून नऊ फुटांवर उभी राहिली. वस्ताद खुर्चीतून उठले. त्यांनी आत हात घालून चोकच्या मुठीला बोट लावले, झटक्याने मागे घेतले आणि बॉनेटमध्ये पाहिले.

"रंग कुणी दिला?"

"मीच."

"समदीकडं?"

"समदीकडं."

वस्ताद परत खुर्चीत जाऊन बसले. बाळासोने मात्र बॉनेटमध्ये वाकून पाहिले आणि त्याच्या लक्षात आले. इंजिन आणि गाडीचा सांगाडा जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी त्याने रंगावरच आवळली होती. करंटला परतीची वाट दोन हात रंगाने बंद केली होती, म्हणून तो चोकच्या बारीक तारेतून वाट काढत होता. बाळासोने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली आणि पट्टी आवळली.

चार वाजता इंजिन पहिल्या चावीला सुरू झाले.

"धू आता पानं," वस्ताद म्हणाले.

"का म्हणून? चालू मी केलं."

"मी सांगितलं म्हणून."

"तुमी सांगितलं न्हाय. तुमी इचारलं."

यावर तासभर वाद झाला. निम्मे लोक म्हणाले, विचारणे म्हणजेच सांगणे. उरलेले म्हणाले, मग पोलीस काय गुन्हा सांगत फिरतात काय? ज्ञानूने दोन्ही बाजूंना चहा दिला. इंजिन मात्र सगळा वेळ चालूच होते. ते बंद करायचे धाडस कोणालाच होत नव्हते.

पाच वाजता आप्पासोंनी तोडगा काढला. "वस्ताद, गाडीत बसा. ही गाडी तुमास्नी चढ चढवून बाळासोच्या दारात न्हेती का बघू. न्हेली, तर नारळ फोडा. थांबली, तर त्यो पानं धुईल."

दोघांनाही हे मान्य झाले. वस्ताद नारळ मांडीवर घेऊन मागे बसले, आप्पासो पुढे, बाळासो स्टिअरिंगवर. बायडाबाईच्या गाड्यापर्यंत फियाट तक्रार न करता चढली. तिथे तिने दोन आचके दिले आणि बंद पडली.

बाळासोने हातब्रेक ओढला. मागे वस्तादांनी घसा खाकरला.

"बाळ्या, सकाळी पेट्रोल..."

"वस्ताद, पाया पडतो, काय बी इचारू नगासा!"

सव्वापाच वाजता फियाट चढाच्या मध्यावर उभी होती. आप्पासोंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. वस्तादांनी तोंड मिटून नारळ कानापाशी हलवून पाहिला. गाडीतून अजून कोणीच खाली उतरलेले नव्हते.