आपण अजिबात घाई करू नये

रिसबुडांच्या घरात मार्चपासून कोणी मोठ्याने हसलं नव्हतं. वल्लरीचं नाव अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रतीक्षायादीत अडकलं होतं, म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. कॉलेजात येऊन तिला निवडून गेलेल्या हिंजवडीच्या कंपनीने मंदीचं कारण सांगून 'पुढील सूचनेपर्यंत' रुजू होऊ नये असं कळवलं होतं, आणि ती पुढील सूचना काही येत नव्हती. मैत्रिणींपैकी निम्म्या परदेशी निघाल्या होत्या, उरलेल्यांची लग्नं ठरत होती. आता हा प्रवेश तेवढा राहिला होता. वल्लरी सकाळ-संध्याकाळ मोडेमची किरकिर ऐकत ईमेल बघत बसे आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद पडे. अर्थात, फोन करून बरी बातमी सांगेल असं कोणी नव्हतंच.

विद्यापीठाच्या प्रवेश विभागात कोणी मिसेस व्हिटेकर होत्या. वल्लरीने अदबीने विचारलं की त्या तितक्याच अदबीने उत्तर देत, 'आपला अर्ज विचाराधीन आहे. आपण दाखवत असलेल्या संयमाबद्दल आभार.' जूनमध्ये हेच उत्तर पुन्हा आलं, स्वल्पविरामासकट.

"संयम? तो कोणी दाखवलाय?" गोपाळकृष्ण रिसबूड म्हणाले. "ही बाई गृहीत धरते म्हणजे काय!"

"बाबा, ती त्यांची पद्धत असते."

"मग आपलीही एक पद्धत आहे."

ती पद्धत सगळ्या पेठेला ठाऊक होती. गोपाळकृष्ण शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, आणि सरळ बोलणं हा त्यांना भाषेचा अपव्यय वाटे. मागे गॅसचा सिलिंडर येईना, तेव्हा एजन्सीत जाऊन ते शांतपणे म्हणाले होते, "आपण अजिबात घाई करू नका. आम्ही यंदा दिवाळीचा फराळ होळीला करणार आहोत." संध्याकाळी सिलिंडर दारात हजर. त्या दिवसापासून, जगात कुठलंही अडलेलं काम या उपायाने हलतं अशी त्यांची खात्रीच झाली.

वल्लरी शिकवणी घ्यायला वारज्याला जायची. तेवढ्या वेळात ईमेल बघता यावी म्हणून तिने वडिलांना संगणक लावायला शिकवलं होतं. ही एक चूक तिचीही. एका दुपारी गोपाळकृष्णांनी एका बोटाने, पण निर्दोष इंग्रजीत, वल्लरीच्या नावाने मिसेस व्हिटेकरना लिहिलं, 'महोदया, माझ्यासाठी आपण अजिबात घाई करू नये. मार्चपासून थांबलेल्या गोष्टीला आणखी एक वर्ष थांबायला कसली अडचण? मला इथे काहीही काम नाही. आपली उन्हाळ्याची सुट्टी माझ्यापायी बिघडली, तर मला फार वाईट वाटेल.'

"आता बघ," ते बायकोला म्हणाले, "बाई खुर्चीतून उठते की नाही."

"तिला कळायला हवं ना," सुनीतीबाई भाजी निवडत म्हणाल्या. "इतकी वर्षं संसार करून मला अजून अधूनमधून कळत नाही."

बाई मात्र खरंच उठली. दोन दिवसांत उत्तर आलं, आणि 'अभिनंदन' हा पहिलाच शब्द वाचून वल्लरी ओरडली. सुनीतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली. गोपाळकृष्णांनी उपरण्याने चष्मा पुसला. तोवर वल्लरी पुढचं वाचत होती आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला.

'...आपल्या सूचनेनुसार आपली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली आहे. या वर्षीची एकुलती एक रिकामी जागा, ज्याला घाई होती अशा दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली. इतकं उदार पत्र आमच्याकडे क्वचितच येतं.'

"माझी सूचना?" वल्लरीने विचारलं. "मी कधी काय सुचवलं?"

गोपाळकृष्ण पंख्याकडे बघत होते.

"बाबा?"

"मी... जरा टोमणा मारला होता."

वल्लरीने आत जाऊन दार लावलं. सुनीतीबाई म्हणाल्या, "वा! जन्मात पहिल्यांदा कोणी तुमच्या बोलण्याला सौजन्य म्हणालं. फ्रेम करून घ्या."

त्या रात्री गोपाळकृष्णांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वल्लरीला न सांगता मिसेस व्हिटेकरना आयुष्यातलं पहिलं सरळ पत्र लिहिलं. आधीचं पत्र आपण लिहिलं होतं, मुलीने नाही. त्यातला प्रत्येक शब्द उलटा वाचायचा होता. आपण एक मूर्ख म्हातारा आहोत. मुलीची नोकरीही गेल्यात जमा आहे, ती रात्र रात्र झोपत नाही, तेव्हा कृपा करून तिला याच वर्षी घ्यावं. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. टोमणा मारायला एक वाक्य पुरायचं, विनवणीला पान पुरेना.

उत्तर लगेच आलं. 'आपलं पत्र आम्ही कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले! तुमच्या घराण्याची विनोदबुद्धी विलक्षण आहे. निश्चिंत असा, पुढच्या वर्षीची जागा पक्की आहे.'

हे उत्तर वल्लरीनेही वाचलं. संध्याकाळी ती वारज्याला निघाली तेव्हा गोपाळकृष्ण दारात आडवे आले.

"वल्लरी, चुकलं माझं."

ती चप्पल घालत होती. "असू दे हो बाबा. एक वर्ष तर जायचंय. मला तरी इथे काय काम आहे? तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका."

चेहरा शांत होता, आवाज मऊ होता. ती जिना उतरून गेली. गोपाळकृष्ण तिथेच उभे राहिले, मग स्वयंपाकघरात आले.

"अगं, ती आत्ता म्हणाली ते... खरंच म्हणाली ना?"

सुनीतीबाईंनी कणकेतून हात काढला नाही.

"मला काय विचारता? तुमची मुलगी आहे."

ते पुन्हा दारात जाऊन बसले. ती परत आल्यावर चेहरा बघून कळेल, असं त्यांना वाटत होतं. ती आली, हसली, जेवली. त्यांना काही कळलं नाही.