शेवंताचे उपास

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागून काळ्या शेळ्या ओळीनं गेल्या आणि तुम्ही विचारलंत, "आज्जी, त्या बाई कोण?" तेवढ्यात कॉल तुटला. म्हणून लिहिते.

ती शेवंता. माझ्या घरी चहा विचारला की तिला रोज उपास असतो. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी तुळजाभवानीचा, गुरुवारी दत्ताचा. बुधवारचं विचारलं तर म्हणाली, "शेळ्यांचा धरते काकू. त्या माझ्यासाठी धरत न्हाईत, मग म्याच धरते."

"अगं, उपासाला चहा चालतो."

"माझ्या न्हाय चालत. लई कडक हाय."

पण बेंबळीच्या शिवारात बांधावर बसून हीच बाई भाकरी-ठेचा खाताना मी पाहिली आहे.

तिचा नवरा एचआयव्हीनं गेला. तिलाही लागण निघाली, तेव्हा सासरच्यांनी एक गाभण शेळी देऊन तिला वेगळं काढलं. शेवंतानं गोळ्या चुकवल्या नाहीत आणि शेळ्या वाढवल्या. एकट्या पडलेल्या बाईला, रिकाम्या बसलेल्या पोरीला ती एक पाठ देते, म्हणजे तरुण शेळी. अट एकच: पहिलं मादी करडू परत द्यायचं, ते पुढच्या दारी जातं. "दारात शेळी असली की तोंडातून 'न्हाय' निघतं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

नवऱ्यानं टाकलेल्या लताला एकानं पुण्यात काम देतो म्हटलं. काम कसलं, ते सांगेना. शेवंताची शेळी दारात होती, म्हणून लता नाही म्हणू शकली.

तिचं पहिलं करडू आणायला शेवंताबरोबर मीही गेले. सकाळचं धुकं होतं. त्यात शेळ्या दिसत नव्हत्या, नुसत्या घंटा तरंगत होत्या. लतानं त्याच शेळीच्या दुधाचा चहा केला. घरात कप एकच. मला दिला, मग विसळून पुन्हा भरला, स्वतः एक घोट घेतला आणि तोच पुढं केला.

"मावशी, घ्या."

"उपास हाय गं."

"आज कुणाचा?"

शेवंतानं कप दोन्ही हातांत घेतला.

"आठवंना," ती म्हणाली, आणि सावकाश सगळा चहा प्याली.

परतताना ती करडाला पोटाशी धरून पुढं चालली होती. मला मात्र आमची खिडकी आठवत होती. शेवंता पहिल्यांदा आली त्या वर्षी मी, एवढी शिकलेली, तिच्यासाठी दांडी तुटलेला कप तिथं वेगळा ठेवला होता. तिनं तो पाहिला होता. उपास त्यानंतरचे.

तो कप अजून आहे. त्यातून आता मी चहा पिते. आणि माझ्या घरचा शेवंताचा उपास, तोही अजून आहे.