धागोजीचं दार

बसा रे मुलांनो, मोबाईल पालथे ठेवा. एका जंगलात, जिथं वाटेआधी नेटवर्क पोहोचलं होतं, धागोजी नावाचा सुगरण पक्षी राहायचा.

सुगरणींमध्ये घरटं नर विणतो, बरं का. अर्धं विणून तो मादीला हाक मारतो. ती येते, चोचीनं ओढून बघते. तिला पसंत पडलं, तरच तो उरलेलं विणतो.

धागोजीच्या थव्याला एक म्होरक्या होता. कुणी कुठल्या फांदीवर विणायचं, ते तो सांगायचा. धागोजीला हे खटकायचं.

"मी कलावंत आहे. मला कुणी फांदी दाखवायची नाही," असं म्हणून त्यानं थवा सोडला. तळ्याकाठची एक बाभूळ धरली आणि विणकामाचे व्हिडिओ टाकू लागला. जंगलाला ते भलतेच आवडले. बेडूक तर कामधाम सोडून बघायचे. तसं त्यांना काम नव्हतंच.

धंदा वाढवायचा म्हणून त्यानं टिटवीताईंची शिकवणी लावली. टिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालते. तिनं जन्मात घरटं विणलेलं नाही. पण घरट्यांच्या धंद्यावर तिचा शब्द शेवटचा.

"पुरं करू नकोस रे," ती म्हणाली. "पुरं झालं की लोक उठून जातात. त्यांना सारखं काहीतरी विचारत राहा."

अशात शेवंती नावाची मादी घरटं बघायला आली. तिनं घरटं ओढून बघितलं, पुन्हा बघितलं.

"वीण छान आहे हो तुमची," ती म्हणाली. "चार दिवसांत पुरं होईल ना? अंडी थांबायची नाहीत."

धागोजीचा जीव तिच्यावर जडला. खराखुरा जडला.

"होईल की. फक्त दार कुठं करायचं, त्यावर मतदान चालू आहे."

"दार खालीच असतं. वर केलं तर पाऊस आत येतो."

"ते मलाही कळतं. पण बेडकांना वर हवंय."

"बेडूक राहणार आहेत का त्यात?"

धागोजीच्या चोचीत गवताची पात होती. ती खाली वळवली की काम झालं असतं. पण मतदान संपायला अजून आठवडा होता.

शेवंतीनं चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती थव्याच्या झाडावर गेली. तिथं एकाचं घरटं वाकडंतिकडं होतं, पण दार खाली होतं.

धागोजी फार रडला. मला त्याचं वाईट वाटतं. त्यालाही वाटलं, म्हणून ते रडणं त्यानं दोन भागांत टाकलं. इतकं त्याचं काहीच कधी चाललं नव्हतं. बेडकांनी खाली लिहिलं, 'दादा, खचू नका. आम्ही आहोत. दार वरच ठेवा.'

तात्पर्य : एका म्होरक्याचं ऐकण्यात जन्म घालवू नका. स्वतंत्र व्हा, म्हणजे सगळ्या बेडकांचं ऐकता येईल.